'ईट अ पीच' की 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'? कोणता अल्बम कोणाच्या जाण्यानंतरचा

"ऑलमन ब्रदर्सचा तो अल्बम रे, ड्वेन गेल्यावर केलेला. 'रॅम्बलिन मॅन' आहे बघ त्यात." जुनं रॉक ऐकणाऱ्या मित्रांमध्ये हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय, आणि पूर्वी स्वतःही म्हटलंय. त्यात दोन वेगवेगळे अल्बम एकमेकांत कालवले गेलेत. या अमेरिकी रॉक बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन गेल्यावर लगेच आला तो 'ईट अ पीच', फेब्रुवारी १९७२ मध्ये. 'रॅम्बलिन मॅन' आहे तो 'ब्रदर्स अँड सिस्टर्स', ऑगस्ट १९७३ चा, आणि तो करताना बँडने गमावला तो बास गिटार वाजवणारा बेरी ओकली.

गोंधळ होतो याचं नवल नाही. दोघंही २४ वर्षांचे होते. दोघंही मोटरसायकलवर होते. दोन्ही अपघात जॉर्जिया राज्यातल्या मेकन या बँडच्या गावातच झाले, आणि जागाही एकमेकींपासून जवळच. ड्वेन गेला २९ ऑक्टोबर १९७१ ला, बेरी ११ नोव्हेंबर १९७२ ला. मधे एक वर्ष आणि तेरा दिवस. ड्वेनची गाठ मालवाहू ट्रकशी पडली, बेरीची शहराच्या बसशी. बेरी धडक बसल्यावर उठून उभा राहिला, दवाखान्यात जायला नको म्हणाला आणि घरी गेला. थोड्याच वेळात त्याची तब्येत बिघडली आणि त्याच दिवशी तो गेला. मेकनच्या रोझ हिल दफनभूमीत दोघांची थडगी शेजारी शेजारी आहेत.

पण अल्बम ऐकायला घेतले की दोन्हींतलं दुःख अगदी वेगळ्या जातीचं आहे हे कळतं. मला तरी मुख्य फरक हा वाटतो की पहिल्यात गेलेला माणूस वाजवतोय, आणि दुसऱ्यात त्याच्याशिवाय वाजवायला शिकलेला बँड ऐकू येतो.

'ईट अ पीच' आधी घेऊ. हा दोन तबकड्यांचा अल्बम आहे आणि त्याचा बराच मोठा भाग ड्वेन हयात असतानाचा आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात बँडने मैफली केल्या होत्या. त्यांतलं काही जुलै १९७१ मध्ये 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' म्हणून बाहेर आलं, आणि उरलेल्यातली ३३ मिनिटांहून लांब 'माउंटन जॅम' इथे आली. एलपीच्या एका बाजूला ती मावणारच नव्हती, म्हणून दोन बाजूंवर तोडून घातली. आधीच्या अल्बमच्या शेवटी 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणं संपता संपता या जॅमचे पहिले सूर कानावर पडतात आणि टाळ्यांमध्ये विरून जातात. पुढचं सगळं मिळतं ते 'ईट अ पीच'मध्ये. एका रात्री सलग वाजलेलं संगीत असं दोन अल्बमांत विभागलं गेलं, आणि या दोन अल्बमांच्या मधे ड्वेन गेला.

स्टुडिओतली तीन गाणी ड्वेन मायामीत वाजवून गेला होता: 'स्टँड बॅक', 'ब्लू स्काय' आणि 'लिटल मार्था'. 'ब्लू स्काय'वर मी थोडा थांबणार आहे. गाणं डिकी बेट्सचं, म्हणजे बँडच्या दुसऱ्या गिटारवादकाचं. पहिलं कडवं संपल्यावर आधी ड्वेनचा सोलो येतो, मग दोघं काही क्षण एकत्र, जोडीच्या सुरांत वाजवतात आणि तिथून डिकी पुढे निघतो. ही अदलाबदल नेमकी कुठे झाली हे पहिल्या चार-पाच वेळा ऐकताना मला सापडलंच नाही. पालखीचा खांदा बदलतात ना, चालणं न थांबवता, तसं आहे ते. 'लिटल मार्था' जेमतेम दोन मिनिटांची, दोन अकूस्टिक गिटारींवरची. केवळ ड्वेनच्या नावावर असलेली बँडच्या अल्बमांतली ही एकच रचना.

उरलेल्या पाच जणांनी ड्वेनशिवाय नव्याने रेकॉर्ड केलेली गाणी तीनच, आणि तीही अल्बमच्या सुरुवातीलाच. 'एन्ट वेस्टिन टाइम नो मोअर' बँडचा गायक ग्रेग याने भावाच्या, म्हणजे ड्वेनच्या आठवणीत गायलं. त्यात स्लाइड गिटार डिकी वाजवतो. स्लाइड म्हणजे ड्वेनचा प्रांत, बोटात काचेची नळी घालून तारेवर सरकवायची त्याची खास रीत. तिथे बसणं डिकीला किती जड गेलं असेल! 'ले ब्रेर्स इन ए मायनर' शब्दांविना आहे. आणि 'मेलिसा'. हे गाणं ग्रेगने १९६७ मध्ये, बँड जन्मायच्या आधी लिहिलं होतं. ड्वेनला ते फार आवडायचं, म्हणून त्याच्या अंत्यविधीत ग्रेगने ते गायलं. एवढं माहीत झाल्यावर त्यातला ग्रेगचा साधा, न ओरडता लावलेला आवाज ऐकवत नाही, आणि बंदही करवत नाही.

नावाबद्दलची एक कहाणी मात्र कृपया पुढे सांगू नका. ड्वेन पीच भरलेल्या ट्रकवर आदळला म्हणून अल्बमचं नाव असं, हे साफ खोटं आहे. त्या ट्रकमध्ये पीच नव्हते. नाव आलं ते ड्वेनच्याच एका मुलाखतीतून. क्रांतीसाठी तू काय करतोस, या अर्थाच्या प्रश्नावर तो म्हणाला होता की जॉर्जियात असतो तेव्हा शांततेसाठी एक पीच खातो. मुखपृष्ठावरचा ट्रकभर आकाराचा पीच जुन्या पोस्टकार्डांवरून घेतलाय. त्या चित्रामुळेच अफवेला पाय फुटले असावेत.

'ब्रदर्स अँड सिस्टर्स'ची घडणच निराळी. हे काम १९७२ च्या शरद ऋतूत मेकनच्या कॅप्रिकॉर्न स्टुडिओत सुरू झालं तेव्हा बेरी होता. सातांपैकी दोन गाणी तो वाजवून गेला, 'वेस्टेड वर्ड्स' आणि 'रॅम्बलिन मॅन'. उरलेल्या पाचांत बासवर लमार विल्यम्स आहे, ड्रमर जेमोचा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणजे मृत्यू इथे अल्बमच्या आधी घडलेला नाही, रेकॉर्डिंगच्या ऐन मध्यात घडलाय.

ड्वेनची जागाही याच अल्बमात भरली गेली, आणि कशाने भरली ते महत्त्वाचं. दुसरा गिटारवाला आणून बसवला असता तर लोकांनी आयुष्यभर तुलना केली असती. त्याऐवजी चक लेव्हेल हा वीस वर्षांचा पियानोवादक आला. जिथे दोन गिटारी एकमेकींशी बोलायच्या, तिथे आता गिटार आणि पियानो बोलू लागले. 'जेसिका' ऐका म्हणजे पटेल. बीबीसीच्या 'टॉप गिअर' या मोटारींच्या कार्यक्रमामुळे ही धून आपल्याकडेही असंख्य लोकांनी ऐकलीय, कोणाची ते न कळता. डिकीने ती जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टला आदरांजली म्हणून बांधली. आगीत भाजल्यामुळे जँगोच्या डाव्या हाताची दोनच बोटं सोलो वाजवायला धड चालत, म्हणून दोन बोटांनी वाजवता येईल अशी चाल डिकी शोधत होता. सुचेना. मग त्याची छोटी मुलगी जेसिका समोर खेळत होती, तिच्याकडे बघत वाजवताना ती सापडली. सात मिनिटांहून लांब या रचनेचा मधला मोठा तुकडा चकच्या पियानोचा आहे.

सूत्रंही आता डिकीकडे गेली होती. सातांतली चार गाणी त्याची. म्हणून अल्बममध्ये ब्लूज थोडं मागे सरकतं आणि कंट्री, म्हणजे अमेरिकी खेड्यापाड्यांतल्या गाण्याचा बाज, पुढे येतो. 'रॅम्बलिन मॅन' तर बँडमध्येच काहींना फारच कंट्री वाटलं होतं. ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. 'ईट अ पीच' चौथ्यापर्यंत पोचला होता. लोकप्रियतेने अल्बम मोठा ठरत असेल तर दुसरा मोठा. माझं मन पहिल्याकडे आहे, ते ड्वेनमुळे.

नाव न बघता ओळखायचं असेल तर पियानोकडे कान द्या. पियानोचा सोलो असेल तर 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'. प्रेक्षकांचा आवाज आला तर 'ईट अ पीच'. हातात कव्हर असेल तर प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या पुढच्या बाजूला ड्रमर बुच ट्रक्सचा लहानगा मुलगा आहे, मागे बेरीची लहानगी मुलगी ब्रिटनी.

याच घोळात कधीकधी लिनर्ड स्किनर्ड या दुसऱ्या अमेरिकी रॉक बँडचा 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स'ही ओढला जातो. तो मृत्यूनंतर केलेला नाही. तो १७ ऑक्टोबर १९७७ ला बाजारात आला आणि बँडमधले काही जण ज्यात गेले ते विमान कोसळलं तीन दिवसांनी.

बेरीला ऐकायचं असेल तर 'रॅम्बलिन मॅन' हेडफोनवर लावा. पहिल्यांदा गाणं आणि गिटारी सोडून द्या, फक्त बासच्या मागे जा. शेवटी डिकी आणि पाहुणा लेस ड्युडेक यांच्या गिटारी एकीवर एक चढत जातात, तेव्हा खाली बेरी शांतपणे चालत असतो.