आरतीच्या वेळची हजेरी

कोकणातल्या काही कॉलेजांत वर्षातून एकदा सूचनाफलकावर तो कागद लागतो. सत्यनारायणाची महापूजा, तारीख, वेळ, तीर्थप्रसाद, आणि तळाला ‘सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य’. पूजेवरून भांडण सहसा होत नाही. ते होतं या शेवटच्या ओळीवरून, आणि तेही आवाज न करता. एखादा मुलगा किंवा मुलगी हॉलमध्ये येते, आरतीला सगळ्यांबरोबर उभी राहते, पण हात जोडत नाही, टाळी वाजवत नाही, तीर्थाची पळी समोर आली की मान हलवते. निवेदन नाही, घोषणा नाही. या गप्प नकाराकडे संस्था ‘बेशिस्त’ म्हणून पाहते आणि बरोबरीची मुलं ‘आगाऊपणा’ म्हणून. कायदा त्याकडे कसा पाहतो, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं.

मागे जायचं तर सुरुवात बाणकोटपासून होते. स्कॉटिश मिशनरी तिथे १८२३ मध्ये आले, पुढे हर्णैलाही गेले, शाळा काढल्या. अक्षरओळख हवी तर धर्मपाठही ऐकायचा, हा व्यवहार किनाऱ्याला तेव्हापासून माहीत आहे. पुढे कोकणातला हुशार मुलगा बोटीने मुंबई गाठायचा आणि मिशनच्या कॉलेजात बायबलच्या तासाला बसायचा. तो तास ‘भोगायचा’ असतो, अशीच बहुतेकांची समजूत होती. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी अनुदानाला फक्त ऐहिक शिक्षणाचं माप लावलं आणि धर्मशिक्षणाकडे पाठ फिरवली. म्हणजे बंदी घातली नाही आणि मुलांना सुटकाही दिली नाही.

त्याआधीच मुंबईत दोन खटले गाजले होते. १८३९ मध्ये मिशनच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने तरुणाला स्वतःचा निर्णय घेऊ दिला. १८४३ मध्ये एका लहान ब्राह्मण मुलाच्या बाबतीत मात्र कोर्टाने त्याला घरच्यांच्या ताब्यात दिलं. ते खटले धर्मांतराचे होते, प्रार्थनेचे नव्हते. पण मर्जी कोणाची विचारायची, मुलाची की वडिलांची, आणि कोणत्या वयापासून, हा पेच तिथेच पहिल्यांदा उघडा पडला. तो आजही सुटलेला नाही, त्यामुळे पुढे त्याच्याकडे परत यावं लागेल.

कोकणाने या विषयाला दोन माणसं दिली. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे, पहिले भारतीय सीनियर रँग्लर (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले), आणि शेजारच्याच मुरुडचे गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे. दोघेही उघड अज्ञेयवादी किंवा निरीश्वरवादी. रँग्लर केंब्रिजला गेले ते १८९० च्या दशकात. तिथे १८७१ च्या कायद्याने इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या विद्यार्थ्यांवरची चॅपलची सक्ती आधीच उठली होती, म्हणजे त्यांना आयती मोकळीक मिळाली. मुरुडचे प्राध्यापक मुंबईच्या मिशन कॉलेजात शिकवत होते. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली ती प्रार्थनेवरून नव्हे, संततिनियमनाच्या प्रचारावरून. कॉलेजला त्यांचं देव न मानणं सोसलं असतं, पण तो प्रचार सोसला नाही, असं माझं मत.

‘नास्तिक’ या शब्दाचं एक कोडं आहे. जुन्या शास्त्रात नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. देव न मानणाऱ्या सांख्य दर्शनाला त्या हिशेबाने आस्तिकांतच जागा आहे. कोकणात तर आणखी एक पायरी आहे. देव मानत नाही, पण गावऱ्हाटी, म्हणजे गावच्या देवस्थानाची रीत, मानतो, शिमग्याला पालखीखाली खांदा देतो, गाऱ्हाण्याला ‘होय महाराजा’ म्हणतो, असे लोक प्रत्येक वाडीत सापडतील. त्यामुळे कॉलेजातल्या मुलाने हात जोडले नाहीत की पहिला प्रश्न येतो, ‘गावच्या पालखीला जातोस ना, मग इथे काय झालं?’ उत्तर सोपं आहे. पालखीची हजेरी कोणी मांडत नाही.

खरी गुंतागुंत आहे राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मध्ये. मसुद्यात तो २२ क्रमांकाचा होता आणि त्यावर ७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा झाली. पहिल्या खंडाने धार्मिक शिक्षणाला पूर्ण बंदी घातली, पण फक्त अशा संस्थांना ज्या ‘संपूर्णपणे’ राज्याच्या पैशावर चालतात. कोकणातली बहुतेक जुनी कॉलेजं खाजगी शिक्षणसंस्थांची. पगार सरकार देतं, इमारत देणगीदारांच्या नावाची. अशी संस्था ‘संपूर्णपणे’ राज्याच्या पैशावर चालत नाही, म्हणून पहिल्या खंडातून सुटते आणि तिसऱ्या खंडात येऊन पडते.

तिसरा खंड मराठी सरळ शब्दांत असा: राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत जाणाऱ्या कोणालाही तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला, किंवा तिथल्या धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येणार नाही. अपवाद एकच, त्याने स्वतः किंवा तो अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर त्याच्या पालकाने संमती दिली असेल तर. इथली दोन क्रियापदं नीट पाहावीत. शिक्षणाच्या बाबतीत शब्द आहेत ‘भाग घेणे’, उपासनेच्या बाबतीत ‘हजर राहणे’. म्हणजे पूजेच्या बाबतीत कायदा हात जोडण्यापर्यंत थांबतच नाही. तो हॉलच्या दारातच मुलाच्या बाजूने उभा राहतो. ‘आम्ही हात जोडायची सक्ती कुठे केली, फक्त या म्हटलं’ हा संस्थांचा नेहमीचा खुलासा याच ठिकाणी कोसळतो, कारण ‘या’ हीच ती सक्ती.

आणि संमती? ती कशी, कधी, कोणत्या कागदावर द्यायची हे घटनेत कुठेच नाही. प्रवेशअर्जाच्या तळाला ‘महाविद्यालयाच्या नियमांचे पालन करीन’ अशी ओळ असते आणि खाली सही. संस्था तीच संमती धरते. नियमांना मान्यता म्हणजे उपासनेला मान्यता नव्हे, हे उघड आहे, पण सतरा वर्षांचा मुलगा कार्यालयातल्या खिडकीशी ते कसं सांगणार? वर आपल्याकडे ज्युनियर कॉलेज नावाची सोय आहे. अकरावी-बारावीचा मुलगा त्याच इमारतीत, त्याच हॉलमध्ये बसतो, पण कायद्याच्या भाषेत तो अज्ञान. त्याची संमती वडील देतात आणि वडील बहुधा देतातच, त्यांना त्यात वावगं वाटत नाही. तोच मुलगा एफवायला अठरा पूर्ण करून आला की संमती त्याची स्वतःची होते. एका वर्षात नकाराचा हक्क वडिलांकडून मुलाकडे सरकतो, आणि हे ना वडिलांना कळतं ना मुलाला. १८३९ आणि १८४३ चे निकाल शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे हा पेच नवा नाही हे कळेल.

मी स्वतः ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात होतो. पूजेच्या दिवशी तास बंद, पण हजेरीपट हॉलच्या दाराशी. ७५ टक्क्यांची धास्ती सगळ्यांनाच, डिफॉल्टरच्या यादीत नाव लागलं की परीक्षेचा फॉर्म अडायचा. माझ्या वर्गातला एक जण सही करून आत यायचा आणि आरतीला हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. सलग तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी त्याला बोलावून विचारलं, ‘तुला त्रास काय होतो हात जोडायला?’ तो म्हणाला, ‘सर, सही केली आहे.’ आम्ही आठवडाभर हसलो. शिरा तो आवडीने खायचा, दोन द्रोण. त्यावरूनही त्याला बोलणी खावी लागली. मला तेव्हा तो हट्टी वाटायचा. अनुच्छेद २८ त्याला माहीत नव्हता आणि मलाही नव्हता. नाहीतर त्याने सहीसुद्धा केली नसती.

त्याच सुमारास, १९८६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन भावंडांचा निकाल दिला. शाळेत राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेपोटी गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं होतं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. उभं राहणं वेगळं आणि गाणं वेगळं, हे त्या निकालाने मान्य केलं. मात्र ती मुलं श्रद्धावान होती. श्रद्धा नसणाऱ्याचं काय, याचं उत्तर महाराष्ट्रात मिळायला २०१३ उजाडलं. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थना आणि प्रतिज्ञेला उभे राहत, पण हात जोडत नसत. संस्थेने बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, हात जोडायला लावणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, वेतनश्रेणी द्या. कोकणातल्या स्टाफरूममध्ये या निकालाची चर्चा झाली ती पगाराच्या अंगाने. विद्यार्थ्यांपर्यंत तो पोचलाच नाही.

संस्थांचं आता मुख्य म्हणणं असतं, ‘ही उपासना नाही, सांस्कृतिक कार्यक्रम आहे.’ ही पळवाट आपली खासियत नाही. अमेरिकेत हार्वर्डने चॅपलची सक्ती १८८६ मध्ये सोडली, येलने १९२६ मध्ये, पण लष्करी अकादमींत ती चालूच राहिली. कॅडेटांनी दाद मागितली तेव्हा संरक्षण खात्याने सांगितलं, चॅपलची हजेरी म्हणजे उपासना नाही, नेतृत्वाचं प्रशिक्षण आहे, उद्याच्या अधिकाऱ्याला सैनिकांची श्रद्धा कळायला हवी. १९७२ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं आणि सक्ती गेली. आपल्याकडच्या ‘सांस्कृतिक’ला थोडा आधार आहे, तो नाकारू नये. धर्माविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांत सर्वोच्च न्यायालयाच्या १९७१ आणि २००२ च्या निकालांनी फरक केला आहे, आणि धर्मांविषयीचा अभ्यास चालतो. पण सत्यनारायणाच्या पाच अध्यायांची पोथी वाचून, प्रसाद न घेता निघालेल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडाल्याची कथा ऐकवून त्याला अभ्यास म्हणायचं, हे जरा फारच ताणणं झालं. आणि कथाच अशी, की प्रसाद नाकारणाऱ्याकडे अख्खा हॉल वळून पाहतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका नामांकित कॉलेजात सत्यनारायण घातला गेला, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी उघड विरोध केला आणि बातम्या झाल्या. मुर्डीचे रँग्लर ज्या कॉलेजचे दोन दशकं प्राचार्य होते, तेच ते कॉलेज. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारीत, सरकारी कार्यालयांत आणि शाळांत देवादिकांच्या तसबिरी नकोत असं परिपत्रक निघालं होतं आणि ओरड होताच मागे घेतलं गेलं होतं. पुण्यात घोषणा झाल्या, कोकणात झाल्या नाहीत. इथे कॉलेज म्हणजे तालुक्यातलं एकमेव, प्राध्यापक म्हणजे शेजारच्या वाडीतले, संस्थेचे सचिव म्हणजे वडिलांचे ओळखीचे. मोठ्याने नाही म्हणायची किंमत घर मोजतं.

सध्या हजेरीपटाची जागा फोटोने घेतली आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी प्रत्येक कार्यक्रमाचे अक्षांश-रेखांशासह फोटो लागतात. सूचना व्हॉट्सॲपवर येते, पारंपरिक वेशभूषेसह. आरतीच्या वेळी एक शिपाई खुर्चीवर चढून मोबाइल धरतो आणि सगळ्यांना पुढे सरकायला सांगतो. हात न जोडणारे तेव्हा खांबाच्या मागे जातात.