कोकणचे ‘प्रश्न’ आणि धंद्याच्या कल्पना : पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात होतकरू उद्योजकांचं शिबिर होतं. भिंतीवर मोठा कागद चिकटवलेला, त्यावर लिहिलं होतं, ‘तुमच्या गावातला प्रश्न लिहा’. अर्ध्या तासात कागद भरला. वानर. एसटी. नेटवर्क. महामार्ग. मार्चनंतरचं पाणी. पुण्याहून आलेला शिकवणारा जरा गडबडला. त्याला शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य हवं होतं, मुलांनी त्याच्या हातात गाऱ्हाणी दिली.

चूक मुलांची नव्हती, शब्दाची होती. तंत्रज्ञानातल्या धंद्यांविषयी बोलताना ‘चांगले प्रश्न विचारा’ असं हल्ली सगळीकडे सांगतात. पण मराठीत प्रश्न हा शब्द दोन घरचा पाहुणा आहे. परीक्षेत येतो तो प्रश्न आणि पाण्याचा तोही प्रश्नच. पहिला विचारायचा, दुसरा मांडायचा. विचारलेल्याला उत्तर मिळतं. मांडलेला ऐरणीवर येतो, चिघळतो, मार्गी लागतो, नाहीतर भिजत पडतो. चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चूल पेटवणाऱ्या कोकणात हा दुसरा अर्थच वरचढ ठरला. प्रश्न मांडायचा तो वर, म्हणजे सरकारपुढे किंवा देवापुढे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या रस्त्याचा प्रश्न तेव्हापासून इतक्या वेळा मांडून झालाय की त्याला कधी उत्तर असू शकतं हेच लोक विसरले. ‘प्रश्न’ऐवजी ‘समस्या’ म्हणा, घोळ मिटेल, असा एक सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. समस्या म्हटलं की पाठोपाठ उपाययोजना येते, तिच्यामागे समिती येते आणि विचारायचं राहूनच जातं. शब्द प्रश्नच ठेवावा, फक्त त्याचं क्रियापद बदलावं.

तशी प्रश्न घडवायची कला इथे नवी नाही. देवळात कौल लावताना पाषाणाला पाकळ्या किंवा कळे चिकटवतात. उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. देव दोनच उत्तरं देतो, म्हणून विचारणाऱ्याला प्रश्न तासून घ्यावा लागतो. ‘माझ्या कलमांचं काय होणार?’ असं विचारून भागत नाही. ‘यंदा बाग कराराने देऊ?’ इथपर्यंत यावं लागतं.

बाहेरच्या जगातली हकिकत थोडक्यात सांगतो. चार डोकी जमवून सुचेल ते बोलायची पद्धत एका अमेरिकन जाहिरातवाल्याने १९५३ च्या पुस्तकातून घरोघरी नेली. १९५८ मध्ये तिथल्याच एका विद्यापीठाने ती तपासली, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या चौघांकडून जास्त कल्पना निघाल्या. शिबिरांतून हे सहसा सांगत नाहीत. पुढे सत्तरच्या दशकात एक साबण कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या हिरव्या पट्ट्यांच्या साबणाची बरोबरी करता करता थकली. मग तिथे कुणीतरी विचारलं, जास्त ताजंतवानं वाटेल असा आपलाच साबण कसा करता येईल? त्यातून निघालेल्या साबणाला समुद्रकिनाऱ्याचं नाव मिळालं. आपल्याकडे किनारा अख्खा पडलाय, साबण मात्र त्यांनी केला.

कोकणात मात्र मला खरी सुरुवात रेल्वेपासून दिसते. १९९८ च्या जानेवारीत सगळा मार्ग खुला झाला. गाड्यांना गर्दी झाली, पण मालाचं काय? कारखाने कमी, त्यामुळे वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, भरायच्या कशाने? ‘कोकणात माल नाही’ हा जुना, मांडायचा प्रश्न होता. पण माल शेजारच्या महामार्गावरून जातच होता, ट्रकमधून, घाटाघाटांत धापा टाकत. १९९९ मध्ये रायगडातलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णे भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात झाली. ड्रायव्हर, क्लीनर गाडीतच. नवं यंत्र जवळजवळ काहीच लागलं नाही. ट्रक ही गाडी न समजता पेटी समजली, एवढंच.

आंब्यात हेच जास्त बारीक पातळीवर घडलं. जुन्या घळाने, म्हणजे आंबे उतरवायच्या लांब काठीने, फळ ओढलं की देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि पेटीत जाईपर्यंत तिथे काळा डाग उमटतो. ‘आंबा लवकर कसा उतरवायचा?’ या प्रश्नाला लांब काठी हे उत्तर होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी देठ कसा राखायचा ते पाहिलं आणि देठासकट फळ कापून जाळीत घेणारा नूतन झेला आला. आज बागेत तो कुणाला तंत्रज्ञान वाटतही नाही.

२०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी की देवगड, हा वाद इथे नको (देवगड). मानांकन आलं तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात बसतच राहिला. ‘नकली ओळखायचा कसा?’ यावर वास, रंग, सालीचा पातळपणा अशी बरीच उत्तरं होती, पण मुंबईच्या गिऱ्हाईकाला त्यातलं एकही जमत नाही. २०२५ च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने प्रश्न उलटा केला: एका बागायतदाराच्या झाडांवर आंबे लागून लागून लागणार किती? झाडं आणि उत्पन्न पाहून तेवढेच स्टिकर द्यायचे. स्टिकरवर एक सांकेतिक क्रमांक, दुसरा त्याच्या पोटात, स्टिकर सोलल्यावरच दिसणारा. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर स्टिकरचा फोटो पाठवून पडताळायचं. आंब्याबद्दल यंत्राला काही कळायची गरजच उरली नाही.

हापूसमधल्या साका या दोषाचं तसं झालेलं नाही. बाहेरून देखणा आंबा, आत कोयीजवळ गर पांढरट, आंबट, स्पंजासारखा. बरीच वर्षं दोष कातळाच्या उष्णतेवर टाकला जायचा आणि झाडाखाली पालापाचोळा पसरून तापमान उतरवलं तर साका कमी होतो हेही खरं. नंतरच्या अभ्यासकांनी कोय नेमकं काय करते ते पाहिलं, तेव्हा ती फळाच्या आतच रुजायची तयारी करताना दिसली. न कापता साका ओळखायला क्ष-किरण आणि अवरक्त किरण वापरून पाहिले गेले. बागेतून थेट पेटी घेताना मात्र अजून एकच तंत्र चालतं. बागवाला म्हणतो, ‘साको इलो तर फोटो धाडा, आंबो बदलून देतंय.’