क्रॉन एकाच सर्व्हरवर चालवायचाय: ‘ऑनवनसर्व्हर’ लावू की ‘विदाउटओव्हरलॅपिंग’?

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल. समजा, अशा संस्थांचं लॅरावेल (पीएचपी भाषेतलं फ्रेमवर्क) ॲप क्लाउडवर आहे आणि सकाळी ९ ला बिलाचा एसएमएस सभासदांना जातो. लोड वाढला, ऑटोस्केलिंगनं (लोडप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणारी-कमी करणारी सोय) एकाचे तीन सर्व्हर केले. तिन्ही एकाच इमेजवरून (सर्व्हरच्या तयार प्रतीवरून) उभे राहिले, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉनही तिघांवर. एकाच बिलाचे तीन एसएमएस आले, की संध्याकाळच्या संकलनाला सभासद सचिवाला गाठणारच.

इथं बरेच जण लॅरावेलच्या शेड्यूलरमधलं विदाउटओव्हरलॅपिंग लावून मोकळे होतात. पण ते बघतं एवढंच, की आधीची फेरी अजून चालू आहे का. काम सुरू होताना कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) एक खूण, म्हणजे कुलूप, लागतं आणि काम संपलं की ते निघतं. पहिल्या सर्व्हरनं दोन सेकंदांत काम उरकलं आणि दुसऱ्याचं घड्याळ तीन सेकंद मागे असलं, तर त्याला कुलूप दिसतच नाही. तो खुशाल पुन्हा पाठवतो. टेस्टिंगमध्ये काम लांबलं तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

ऑनवनसर्व्हर बघतं, की या मिनिटाची फेरी कुणी घेतली का. त्याच्या कुलपाच्या नावातच तास-मिनिट असतं आणि काम संपल्यावरही ते तासभर राहतं, त्यामुळे मागून आलेला सर्व्हर परत फिरतो. फक्त कॅश सगळ्यांची सामायिक हवी: रेडिस, मेमकॅश्ड, डायनॅमोडीबी किंवा डेटाबेस. फाइल कॅश असेल तर प्रत्येकाचं कुलूप आपापल्या डिस्कवर, म्हणजे असून नसल्यासारखं.

दर पाच मिनिटांचं काम असेल तर ९ ची फेरी एकावर रेंगाळली असतानाच ९:०५ ची फेरी दुसरा सर्व्हर घेऊ शकतो. अशा कामाला दोन्ही लावा. आणि विदाउटओव्हरलॅपिंगला मिनिटं द्याच! नाहीतर कुलपाची मुदत १४४० मिनिटं, अख्खा दिवस. लोड उतरल्यावर ऑटोस्केलिंगनं कामाच्या मध्येच तो सर्व्हर मारला, तर कुलूप तसंच लटकतं आणि पुढच्या फेऱ्या गुपचूप वगळल्या जातात.

अर्धवट राहिलेली फेरी मात्र दुसरा सर्व्हर आपणहून उचलत नाही. बिलासारख्या कामात मी दोन्हींपैकी कशावरच विसंबणार नाही: सभासद आणि बिलाचा कालावधी यांवर डेटाबेसात युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारा), नोंद आधी, एसएमएस नंतर. मग फेरी हातानं पुन्हा चालवली तरी ज्यांची नोंद नाही तेवढ्यांनाच एसएमएस जातो.