एगुसी : गरासाठी नव्हे, बीसाठी लावलेले कलिंगड

नायजेरियात ज्याला सूप म्हणतात, ते वाटीने प्यायचे नसते. एगुसी सूप म्हणजे घट्ट कालवण. कोनफळाच्या कुळातला याम कंद उकडून, कुटून केलेल्या इयानचा लहान गोळा तोडायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्यात कालवण उचलायचे. ते ओघळले तर स्वयंपाक बिघडला असेच मानतात.

एगुसी हे नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांचे नाव. वेल कलिंगडाचा जवळचा भाऊबंद, पण गर पांढरा आणि कडू. लिबियात उआन मुहुग्गियाग येथे सापडलेल्या सुमारे 6,000 वर्षांपूर्वीच्या बियांची जनुकीय तपासणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बिया गोड कलिंगडापेक्षा एगुसीला जवळच्या निघाल्या. म्हणजे या कुळातले फळ माणसाने आधी बीसाठी जवळ केले असावे. बीचे मोलही तसेच आहे : जवळपास निम्मे तेल आणि पाव भागाच्या आसपास प्रथिने. त्सेत्से माशीमुळे गुरे फारशी पाळता येत नाहीत अशा दमट पट्ट्यात हा मोठा आधार.

वेल याम आणि मक्याच्या ओळींमधून पसरतो आणि तण दाबून टाकतो. काढणीनंतर फळे सोट्याने फोडून काही दिवस कुजू देतात. गर सुटला की बिया धुऊन वाळवतात. खरे कष्ट त्यापुढे, एकेक बी सोलण्यात. ते पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या बोटांवर आले आहे.

लाल पाम तेल आणि आंबवलेल्या बियांचे उग्र वासाचे इरू हे मूळचे इथलेच. मिरची, टोमॅटो आणि कसावा (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) मात्र अमेरिकेतून, 16व्या शतकापासून वाढलेल्या अटलांटिक व्यापाराबरोबर आले. त्याआधी तिखटपणा उझिझा या स्थानिक मिरीचा असे. किसून, आंबवून भाजलेल्या कसाव्याच्या रव्याला गारी म्हणतात. ती गरम पाण्यात मळून केलेला एबा आज घरोघरी दिसतो, पण इयानच्या मानाने तो नवखा. नॉर्वेचा वाळवलेला कॉड मासा आधीपासून व्यापारातून येत होताच. 1967 ते 1970 च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियाच्या यादवीत, तो मदतीचे अन्न म्हणून आग्नेयेकडच्या इग्बो लोकांच्या भागात पोहोचला आणि ओकपोरोको या नावाने तिथल्या भांड्यात पक्का झाला.

भाजी प्रांतागणिक बदलते. योरुबांचा शोको म्हणजे आपला कुर्डू, तर टेटे माठाच्या कुळातला. इग्बो घरात भोपळवर्गी उगु किंवा कडू ओनुग्बु. ओनुग्बुची पाने पाण्यात चोळून, पाणी बदलत धुवावी लागतात, नाहीतर सगळे भांडे कडवट होते.

सहा जणांसाठी सोललेली बी 250 ग्रॅम, पाम तेल 120 मिली, चिरलेली भाजी 400 ग्रॅम, दोन लाल सिमला मिरच्या, एक कांदा, चवीप्रमाणे तिखट मिरची, मूठभर वाळवलेली कोळंबी आणि चमचाभर इरू. बी मिक्सरमध्ये थांबून थांबून दळावी. सलग फिरवली तर तेल सुटून गोळा होतो. पिठात थोडे पाणी आणि वाटलेला कांदा घालून दाट लगदा करावा. तेल मंद आचेवर तापवून त्यात मिरच्यांचे वाटण पाणी आटेपर्यंत परतावे, मग इरू, कोळंबी आणि दोन कप मटणाचे पाणी घालावे. उकळी आली की लगदा चमच्याने सोडून झाकण ठेवावे. दहा मिनिटे अजिबात ढवळू नये. उष्णतेने प्रथिने घट्ट धरतात आणि दाणेदार गोळे होतात. घाईने चमचा फिरवला तर ते फुटून नुसती पेज उरते. नंतर हलके हलवून आणखी दहा मिनिटे, तेल वर येईपर्यंत शिजवावे. भाजी शेवटच्या चार-पाच मिनिटांत. पालक वापरला तर आधी वाफवून पिळावा, कारण त्याचे पाणी कालवण पातळ करते.

बी जुनी असेल तर तेल खवट होते आणि ती चव कशानेही झाकत नाही, म्हणून विकत घेताना दोन बिया चावून पाहाव्यात. एगुसी मिळत नसेल तर किराणा दुकानातले कलिंगडाचे मगज चालते. शेवटी कूळ एकच.