संगणकाधारित मानसशास्त्रीय प्रयोग

ठरल्या क्षणी उद्दीपक (शब्द, चित्र किंवा आवाज) दाखवणे किंवा ऐकवणे, प्रयुक्ताची, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्याची, प्रतिक्रिया व तिला लागलेला वेळ टिपणे आणि प्रत्येक प्रयत्नाची (एक उद्दीपक व त्याची प्रतिक्रिया) नोंद फाइलमध्ये उतरवणे ही कामे सॉफ्टवेअरवर सोपवून केलेले प्रयोग. सायकटूलबॉक्स, ई-प्राइम, सायकोपाय, ओपनसेसमी आणि जेएसपीसायक ही या क्षेत्रातली रुळलेली नावे. ई-प्राइम विकत घ्यावे लागते. सायकटूलबॉक्स बरीच वर्षे मोफत मिळत असे, पण ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर चालते आणि मॅटलॅबचा परवाना महाग असतो. त्याच्या जागी ऑक्टेव्ह हे तशाच धर्तीचे मोफत सॉफ्टवेअर वापरले की तो खर्च वाचतो. उरलेली तिन्ही मोफत व मुक्तस्रोत आहेत. नाशिकच्या बी. ए.च्या विद्यार्थ्यासमोर निवड करताना हाच मुद्दा बहुधा आधी येतो.

प्रतिक्रियाकाल मोजण्याची हौस संगणकापेक्षा बरीच जुनी. डच शरीरशास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये साध्या व निवडीच्या प्रतिक्रियांच्या वेळांची वजाबाकी करून निवडीला लागणारा वेळ काढला. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट यांच्या १८७९ च्या लायपझिग प्रयोगशाळेत हेच काम हिपच्या क्रोनोस्कोप या सूक्ष्म वेळ मोजणाऱ्या घड्याळावर चाले. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये मानसशास्त्र विभाग सुरू केला. नाशिकची कला महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्यूलर-लायर भ्रमाची (सारख्या रेषा लहानमोठ्या भासवणारी) पट्टी, आरशात पाहून आकृती गिरवण्याची चौकट, एकेक शब्द दाखवणारा स्मृती ड्रम, स्टॉपवॉच ही मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या कपाटातली ओळखीची मंडळी. काहीच हाताशी नसेल तर फूटपट्टी असतेच: एकाने सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद. भौतिकशास्त्राने फुकट दिलेले हे घड्याळ अजिबात वाईट नाही.

मग संगणक कशाला? याचे उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांच्या १९३५ च्या प्रयोगात सापडते. नुसत्या रंगीत चौकोनांचे १०० रंग सांगायला त्यांच्या प्रयुक्तांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. शब्द एका रंगाचा आणि शाई दुसऱ्याच रंगाची असे १०० शब्द दिले, तेव्हा शाईचे रंग सांगायला ११०.३ सेकंद लागले. संपूर्ण तक्त्याचा एकत्र वेळ घेऊनही परिणाम ठळक दिसला, म्हणजे संगणकावाचून काही अडले नव्हते. अडते ते पुढच्या प्रश्नांपाशी. कोणत्या शब्दाला वेळ लागला? चूक झाल्यावर पुढचा शब्द मंदावला का? ‘लाल’ नंतर पुन्हा ‘लाल’ आला तर काय होते? तक्त्याच्या एकूण वेळात हे सगळे विरघळून जाते. सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाचा वेळ वेगळा ठेवते, आणि त्याचे खरे मोल तिथेच आहे.

जोनाथन पीअर्स यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठात विकसित केलेल्या सायकोपायमध्ये ही मांडणी दोन प्रकारे करता येते: पायथनमध्ये कोड लिहून, किंवा ‘बिल्डर’मध्ये घटक ओढून बसवून. बिल्डरमध्ये आधी सूचना, मग नजर स्थिरावण्यासाठी अधिकचे चिन्ह, मग शब्द, मग कळीची वाट पाहणे असा एक फेरा तयार होतो आणि तो एक्सेलच्या तक्त्यातून ओळीमागून ओळ वाचत फिरतो. तक्त्यात शब्द, शाईचा रंग व अचूक कळ असे तीन स्तंभ पुरतात. चार रंगांचे शब्द व चार शाया घेतल्या की १६ जोड्या होतात. त्यांतल्या चारच जुळणाऱ्या, म्हणून तोल साधायला त्या तिप्पट घ्याव्या लागतात. हे गणित सॉफ्टवेअर करून देत नाही. क्रम मात्र ते दर वेळी नव्याने पिसते.

वेळेच्या अचूकतेबाबत गैरसमज फार. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.६७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, अधेमधे नाही. शब्द ५० मिलिसेकंद दाखवा म्हटले तर तीन चौकटींत (फ्रेम) काम होते. ४० म्हटले तर ३३ तरी मिळतात किंवा ५० तरी. साध्या यूएसबी कीबोर्डवर कळ दाबली गेली का, हे संगणक बहुधा दर ८ मिलिसेकंदांनी तपासतो, म्हणजे कळ दाबली आणि संगणकाला कळले यात तेवढी फट पडू शकते. तरी घाबरण्याचे कारण नाही. उशीर कायम तेवढाच असेल तर दोन अटींच्या (जुळणारे शब्द व न जुळणारे शब्द) वजाबाकीत तो गळून पडतो. उशीर कमी-जास्त होत असेल तर प्रयत्नांची संख्या वाढवून सरासरी स्थिर करावी लागते. २०२० मध्ये ब्रिजेस, पिटिओ, मॅकॅस्किल व पीअर्स यांनी अशा अनेक प्रणालींची तुलना केली. तीत प्रयोगशाळेतल्या चांगल्या प्रणालींच्या वेळेतला चढउतार सरासरी एका मिलिसेकंदाच्या आत भरला, तर ब्राउझरमधल्या प्रयोगांत संगणक व ब्राउझर बदलला की आकडे बदलले. या लेखकांतले पीअर्स स्वतः सायकोपायचे कर्ते, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

मराठीत प्रयोग करताना खरी कसोटी अक्षरांपाशी लागते. ‘पिवळा’ या शब्दातली वेलांटी उच्चारात प-नंतर येते, पण छापताना प-च्या आधी. अक्षरजुळणीचे हे नियम न पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेलांटी भलतीकडे जाते, ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते, आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरे उभी राहतात. प्रयुक्त अशा शब्दावर अडखळला तर तो उशीर रंगाचा की फॉन्टचा, हे आकड्यांवरून ओळखता येत नाही. खात्रीचा उपाय साधा आहे: प्रत्येक शब्द चित्र म्हणून जतन करावा आणि चित्रच दाखवावे. वेलांटी हा निव्वळ तांत्रिक त्रासही नव्हे. वैद व गुप्ता यांनी २००२ मध्ये देवनागरी वाचनावर केलेल्या अभ्यासात तिच्या उलट्या जागेचा परिणाम तपासला होता.

कीबोर्डचीही एक गंमत आहे. संगणक इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेवर राहिला असेल तर उत्तरासाठी नेमलेली ‘एफ’ची कळ वेलांटी देते आणि ‘जे’ची कळ ‘र’. प्रोग्रॅम अक्षर वाचत असेल तर प्रयुक्त मनापासून कळा दाबत राहतो आणि पडदा ढिम्म हलत नाही. म्हणून सुरू करण्याआधी भाषा इंग्रजीवर आहे ना, हे पाहावे. बाण-कळा घेतल्या तर हा प्रश्नच उरत नाही.

नाशिक जिल्ह्यात भाषेचा विचार आणखी खोल जातो. मालेगाव, सटाणा, कळवण भागातल्या अनेकांची घरची बोली अहिराणी, तर पेठ-सुरगाण्याकडच्या अनेकांची कोकणा. या मुलांसाठी मराठी रंगनामे शाळेत पक्की झालेली असतात. स्ट्रूपचा अडथळा वाचन किती आपोआप होते यावर उभा असल्याने, नाशिक शहरात कॉलेज रोडला वाढलेला विद्यार्थी आणि सुरगाण्याचा विद्यार्थी एका गटात टाकताना घरची भाषा कोणती, शिक्षणाचे माध्यम कोणते, ही माहिती सुरुवातीच्या खिडकीतच विचारून घ्यावी. सूचनाही पुस्तकी नकोत. ‘उद्दीपकाच्या वर्णास प्रतिसाद द्यावा’ असे लिहिण्यापेक्षा ‘शब्द वाचू नका, शाईचा रंग ओळखा’ हे लगेच कळते.

लॅपटॉप नसला तरी खिशात मोबाइल असतो, म्हणून जेएसपीसायकसारख्या ब्राउझरमधल्या प्रणालींकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. गोदाघाटावर बसून कोणी प्रयोग पूर्ण करेलही, पण मध्येच व्हॉट्सॲप वाजले तर तो ४,००० मिलिसेकंदांचा प्रयत्न सरासरीत धरायचा का, हे आकडे हाती येण्याआधी ठरवून ठेवायला हवे. संमतीचा पडदा, नावाऐवजी क्रमांक आणि कधीही थांबण्याची मोकळीक या गोष्टी मोबाइलवरही सुटत नाहीत.

शेवटी हाती येते ती सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा मजकूर. ती एक्सेलमध्ये थेट दोन टिचक्यांनी उघडली तर मराठी शब्दांच्या जागी अगम्य चिन्हे दिसू शकतात. माहिती बिघडलेली नसते. ‘डेटा’मधून फाइल आयात करताना यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत निवडली की ‘पिवळा’ जागेवर येतो. मात्र बिघडलेल्या रूपातच फाइल पुन्हा जतन केली तर तो परत मिळणे अवघड, म्हणून मूळ फाइलची प्रत आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवतात.