छातीतली जळजळ आणि दुर्बिणीतून होणारे उपचार : ऑपरेशनचं ठरवण्याआधी हे वाचा

‘ॲसिडिटीवर म्हणे बिनटाक्याचं ऑपरेशन निघालंय, आमचं करून टाका.’ सांगलीतल्या आमच्या एंडोस्कोपी सेंटरमध्ये असं म्हणत येणारे आता बरेच आहेत. मार्केट यार्डातले व्यापारी, कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणारे, ऊसतोडीच्या हंगामात कधीही जेवणारे आणि जेवलं की आडवे होणारे. ऑपरेशन खरंच आहे. पण मागायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची गरज नसते, म्हणून हे माहितीपत्रक.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. ते सैल पडलं, किंवा जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकला (याला हायटस हर्निया म्हणतात), की आम्ल वर चढतं. मग जळजळ, करपट ढेकर, वाकलं की घशाशी आंबट पाणी, रात्रीचा खोकला. सकाळची गोळी आम्ल कमी करते, कडं घट्ट करत नाही. त्यामुळे काहींची जळजळ थांबते, पण पाणी वर येतच राहतं. दुर्बिणीतून होणारे उपचार मुख्यतः अशांसाठी आहेत.

त्याआधी गोळी नीट घेतली जाते का, ते पाहू या. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी घ्यायच्या असतात. आमच्याकडे ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणारे कितीतरी जण ती जेवणानंतर, आठवली तर, घेत असतात. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या जादा उशांनी पोट दुमडतं आणि त्रास वाढू शकतो. डाव्या कुशीवर झोपा. पोट सुटलं असेल तर वजन उतरवा. भडंग सोडा असं सांगून सांगलीत कोण ऐकणार, पण रात्री दहाला मूठभर मिरची-लसणासकट तरी नको.

एवढं करूनही त्रास राहिला तर तपासणी. घशातून दुर्बीण घालून अन्ननलिकेला जखमा आहेत का, हर्निया किती आहे, ते दिसतं. जखमा दिसल्या नाहीत तर २४ तासांची पीएच तपासणी लागते. नाकातून बारीक नळी, कमरेला छोटं यंत्र. घरी जाऊन नेहमीसारखं जेवायचं, झोपायचं. आम्ल अन्ननलिकेत दिवसभराच्या ६ टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे साधारण दीड तास, राहिलं तर आजार पक्का. ४ टक्क्यांच्या आत असेल तर जळजळीचं कारण दुसरीकडे शोधायचं. तिथे कडं आवळून उपयोग नाही. अन्ननलिकेच्या हालचालीची मॅनोमेट्रीही आम्ही आग्रहाने करायला सांगतो. अकॅलेशिया या आजारात कडं आधीच उघडत नसतं, आणि लक्षणं मात्र ॲसिडिटीसारखी वाटू शकतात.

आता मूळ मुद्दा. सध्या सर्वांत जास्त विचारलं जातं ते टिफ, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं बिनटाक्याचं ऑपरेशन. पूर्ण भूल देऊन, तोंडातून दुर्बिणीबरोबर यंत्र आत नेतात, जठराच्या वरच्या भागाची घडी अन्ननलिकेच्या टोकाभोवती घालतात आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बारीक चापांनी ती पक्की करतात. पोटावर छेद नाही. घडी साधारण २७० अंशांची होते. रुडॉल्फ निस्सेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत ती पूर्ण ३६० अंशांची असते. त्यामुळे निस्सेननंतर काहींना ढेकरच येत नाही, पोट फुगतं. टिफमध्ये हा त्रास कमी. पण आम्ल रोखण्यात निस्सेनच सरस, आणि टिफनंतर काही वर्षांनी गोळी पुन्हा सुरू करावी लागणारेही असतात. हर्निया २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल किंवा जखमा तीव्र (रिपोर्टवर ‘सी’ किंवा ‘डी’ ग्रेड) असतील तर नुसतं टिफ नको.

स्ट्रेटा नावाच्या दुसऱ्या उपचारात रेडिओलहरींनी कड्याच्या स्नायूला ऊब देतात. सोपं आहे, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आम्ही आपणहून सुचवत नाही. जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांच्या आर्म्स पद्धतीत कड्याजवळची आतली त्वचा काढतात आणि जखम भरताना तो भाग आक्रसतो. कधी जास्तच आक्रसतो, मग घास अडकतो आणि फुग्याने रुंद करावं लागतं.

आम्ही इतके सावध का, याला कारण आहे. एंटेरिक्स नावाचं द्रव्य कड्यात टोचण्याच्या उपचाराला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. ते कधी कधी अन्ननलिकेच्या भिंतीपलीकडे गेलं, मृत्यू झाले आणि २००५ मध्ये कंपनीने ते परत घेतलं.

आमच्याकडे एंडोस्कोपी आणि पीएच तपासणी होते. टिफ आम्ही करत नाही. गरज असेल तर चिठ्ठी देतो. जिथे कराल तिथे ‘आजवर किती केलीत?’ हे बिनधास्त विचारा. नंतर साधारण दोन आठवडे पातळ, मग काही आठवडे मऊ आहार लागतो आणि पोती उचलणं बंद. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत तारीख घेऊ नका.

घास अडकणं, वजन घटणं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर गोळ्यांचे प्रयोग न करता लगेच दाखवा. छातीत दुखून घाम आला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर आमच्याकडे नाही, थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा.

एंडोस्कोपीला येताना आठ तास उपाशी या, सोबत एक माणूस आणा. रक्त पातळ करणारी किंवा शुगरची गोळी सुरू असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. पीएच तपासणीआधी ॲसिडिटीची गोळी सहसा सात दिवस बंद ठेवतात, पण ती आम्ही सांगितल्यावरच थांबवा. जुने रिपोर्ट फोटोंसकट आणा.