गॅसने फुगलेलं पोट आणि ओव्हरीच्या कॅन्सरने फुगलेलं पोट

रोज सूर्यनमस्कार घालणारी, रविवारी पळायला जाणारी, शुगर-बीपी काही नसलेली बाई पोट फुगतंय म्हणाली की घरचे, जिममधली ट्रेनर आणि पुष्कळदा डॉक्टरसुद्धा एकच सांगतात, गॅस असेल, कडधान्यं कमी कर, रात्री लवकर जेव. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, हे आधीच सांगते म्हणजे कुणी उगाच घाबरायला नको. पण ओव्हरीचा कॅन्सर सुरुवातीला ह्याच तक्रारी घेऊन येतो, आणि भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये ब्रेस्ट आणि गर्भाशयमुखानंतर तिसरा नंबर त्याचाच लागतो. म्हणून दोन्हीतला फरक नीट बघून ठेवायला हवा.

गॅसचं पोट, किंवा ज्याला डॉक्टर आयबीएस (आतडी नाजूक असण्याचा जुना त्रास) म्हणतात ते, दिवसभरात बदलत राहतं. सकाळी उठल्यावर सपाट, जेवल्यावर टम्म, संध्याकाळी सलवारची नाडी सैल करावीशी वाटते, संडासला झालं की हलकं वाटतं. काय खाल्लं की त्रास होतो हे बहुतेकींना पाठ असतं, छोले, कोबी, दूध, आणि टेन्शन असलं की जास्त. शिवाय हा त्रास बहुधा जुना असतो, कॉलेजपासूनचा, परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास होणारा. पाळीच्या आधी फुगणारं पोटही असंच, पाळी आली की उतरतं.

ओव्हरीच्या कॅन्सरचं पोट उतरत नाही. सकाळीही तेवढंच, उपास केला तरी तेवढंच, आणि आठवड्यागणिक थोडं थोडं वाढत जातं. कारण आत हवा नसते, पाणी असतं. ह्या कॅन्सरचा जो सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आहे तो बऱ्याचदा फॅलोपियन ट्यूबच्या, म्हणजे ओव्हरीकडून गर्भाशयात जाणाऱ्या नळीच्या टोकाला सुरू होतो, तिथून पेशी सुटून पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरतात आणि मग पोटात पाणी साठायला लागतं. ते पाणी जठरावर दाबतं म्हणून अर्ध्या पोळीत पोट भरल्यासारखं होतं, गाठ लघवीच्या पिशवीवर दाबते म्हणून सारखं बाथरूमला जावं लागतं, ओटीपोटात किंवा कमरेत दुखत राहतं. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई, ह्या चार गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकेत सिॲटलच्या डॉ. बार्बरा गॉफ यांनी 2007 मध्ये ह्यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर मोजमाप दिलं, त्रास गेल्या वर्षभरातच सुरू झालेला आणि महिन्यातून 12 पेक्षा जास्त दिवस होणारा असेल तर तपासायचं. म्हणजे दुखणं किती जोरात आहे ह्यापेक्षा ते नवीन आहे का आणि रोजच्या रोज आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

आता फिट बायकांचं. त्यांना हा फरक कळायला उलट जास्त वेळ लागतो असं मला वाटतं, कारण पोट सुटलं की त्या प्लँक वाढवतात, भात बंद करतात, आणि भूक तशीही कमी झालेली असते त्यामुळे डाएट छान जमतंय असं वाटतं. हातपाय बारीक होतात, चेहरा उतरतो, लोक कौतुक करतात, पण ड्रेस फक्त पोटावरच घट्ट होतो. वजनाचा काटा तर फसवतोच, एकीकडे मांस उतरतंय आणि दुसरीकडे पाणी चढतंय, आकडा तोच. वजन तेच किंवा कमी आणि कंबर मात्र वाढतीये असं झालं तर जिममध्ये अजून घाम गाळू नका, सोनोग्राफी करा.

शॅनन मिलर, 1996 च्या ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकणारी अमेरिकन जिम्नॅस्ट, तिला 2011 मध्ये 33 व्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला. पोटात दुखणं, फुगणं, वजन उतरणं सगळं होतं, बाळंतपणानंतरचं असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं, नेहमीच्या चेकअपची अपॉइंटमेंटही पुढे ढकलायला निघाली होती, नशिबाने गेली आणि गाठ सापडली. तिचा प्रकार तरुण वयात होणारा वेगळा प्रकार होता, तो लवकर सापडला की बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. नेहमी दिसणारा प्रकार पन्नाशीच्या पुढे जास्त. इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की पन्नाशीनंतर आयबीएस पहिल्यांदाच सुरू होणं दुर्मीळ, तेव्हा अशा बाईची ओव्हरीसाठी तपासणी करा. आपल्याकडे त्या वयात मेनोपॉज आहे, होतं असं, म्हणून पित्ताची गोळी दिली जाते आणि महिने निघून जातात, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तपासणीबद्दलही घोळ आहे. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणजे ओव्हरी नॉर्मल असं नाही, ती टेस्ट गर्भाशयाच्या मुखाची. गर्भपिशवी काढलीये म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी जुने कागद बघा, पुष्कळदा ओव्हरी ठेवलेल्या असतात. सीए-125 ही रक्ताची टेस्ट एकटी पुरत नाही, सुरुवातीच्या स्टेजला साधारण निम्म्या जणींमध्ये ती नॉर्मल येते, आणि उलट एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), पाळी चालू असणं ह्यानेही वाढते. पोटाच्या टीबीनेही वाढते, पोटात पाणीही होतं, हुबेहूब कॅन्सरसारखंच दिसतं आणि टीबीच्या गोळ्यांनी बरं होतं, त्यामुळे भारतात तरी रिपोर्ट बघून घरी बसून रडण्याआधी पुढची तपासणी होऊ द्या. आणि काहीच त्रास नसताना दरवर्षी ही टेस्ट करून उपयोग होतो का, तर ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर बरीच वर्षं अभ्यास झाला, 2021 मध्ये निकाल आला, त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून लक्षणं ओळखणं हेच हातात उरतं.

व्यायाम वाया जातो असं मात्र म्हणू नका. मोठं ऑपरेशन आणि केमो सोसायला तंदुरुस्त शरीर खूप कामी येतं. फक्त मी फिट आहे म्हणजे मला होणार नाही, हा हिशोब इथे चालत नाही, कारण काही घरांत धोका जीन्समधूनच येतो. साध्या बाईला आयुष्यात हा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकीच्या आसपास, बीआरसीए-1 नावाच्या जीनमध्ये बिघाड असेल तर ती चाळीसच्या आसपास जाते. आणि हा बिघाड वडिलांकडूनही येतो, पण आपण आई आणि मावशीचं विचारतो, आत्याचं विचारतच नाही. टेनिसपटू ख्रिस एव्हर्टची बहीण 2020 मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, नंतर बहिणीच्या जीनच्या रिपोर्टचा अर्थ नव्याने लावला गेला, म्हणून ख्रिसनेही टेस्ट केली आणि 2021 च्या शेवटी खबरदारी म्हणून गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन करून घेतलं, तर ट्यूबमध्ये कॅन्सर सापडला, पहिल्या स्टेजचा, आणि तोवर तिला पोट फुगल्याचंसुद्धा जाणवलं नव्हतं. तेव्हा आत्या, आजी, चुलत बहीण, कुणाला ब्रेस्टचा किंवा ओव्हरीचा झाला असेल तर कितव्या वर्षी झाला ते विचारून लिहून ठेवा आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा पोटाच्या तक्रारीबरोबर तेही सांगा.